हॉटेलात शिजवलेलं चालत नाही

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

वास येतोय. आमच्या हॉटेलातून!

सकाळी सालींची बादली घेऊन गेले, कुलूप काढलं, झाकण उचललं — तोंडावर भपकारा आला. आंबट, नासका. गांडुळं भिंतीवर चढलेली, झाकणाच्या आतल्या बाजूला घोसानं लटकलेली. गांडूळ वर चढतं ते हौसेनं नाही, खाली राहवत नाही म्हणून. पुठ्ठ्याचा थर बाजूला केला तर खाली बटाट्याचा लगदा! कुरळा कोबी घालून शिजवलेला, वर लोण्याचा तवंग.

शिजवलेलं टाकायचं नाही. पाव नाही, चीज नाही, मांस-मासे नाहीत. झाकणावर मी माझ्या हातानं रंगवून लिहिलंय, चित्रं काढून, म्हणजे लहान मुलालाही कळावं. आठ घरं मिळून इतकी वर्षं फुटपाथवरची ही गांडूळखताची पेटी, आमचं गांडुळांचं हॉटेल, चालवतो, सगळ्यांची सालं-देठं त्यात, एकदा कुणाची चूक नाही. आणि आता हे.

हातमोजे चढवून सगळं उपसलं. सुका पुठ्ठा फाडून घातला, पाचोळा घातला. गुडघे ओले. माझा नवरा, एव्हर्ट, कॉफीचा कप धरून दारात उभा. म्हणाला, "चुकून टाकलं असेल गं कुणी. सोड." सोड काय सोड! पालिकेच्या टेर होर्स्टबाई मार्चअखेर येणार, खत वाटायच्या दिवशी. त्यांनी स्पष्ट सांगितलंय — या खेपेला परवाना वाढवायचा की नाही ते नाकानं ठरवणार. वास आला की पेटी उचलणार आणि तिथे गाडी लावायला जागा करणार. गाडी! माझ्या खिडकीखाली!

आज देशभर स्वेटरदिवस — स्वेटर घालायचा, घर तापवायचं कमी. आम्ही थर्मोस्टॅट पंधरावर आणला. एव्हर्टनं स्वेटरवर स्वेटर चढवला तरी कुडकुडत होता. म्हातारा झालास, म्हटलं.

शनिवार, ८ फेब्रुवारी

फेन्नाला सांगितलं. ती समोर राहते, हॉटेल तिनं आणि मीच सुरू केलं, पण बाई कशाचं म्हणून मनाला लावून घेत नाही. "आलेइडा, गांडुळं आहेत ती, राजघराणं नाही." आणि हसत सुटली.

मला नाही हसू आलं. दिवसभर डोक्यात एकच — कुणी टाकलं असेल? आंघोळीला गेले तर पाण्याची वेळ मोजायचं वाळूचं घड्याळ उलटं करायचंच विसरले. गरम पाण्याखाली उभी राहून एकेका घराचा विचार करत होते. पायाशी ठेवलेली बादली भरून वाहायला लागली तेव्हा भानावर आले. ते पाणी निदान संडासाला झालं.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

वास नाही. तरी मन मानत नाही, सारखी जाऊन झाकण उघडते. एव्हर्ट म्हणतो, "अगं, त्या बिचाऱ्यांना जरा अंधार लाभू दे, फौजदारीणबाई."

त्याचं एक बरं आहे हल्ली. रात्रीच्या जेवणाची भांडी तोच घासतो, बादलीही तोच नेऊन ओततो. मी न सांगता! नाही तर आधी या माणसाला बादली कुठे असते तेही ठाऊक नव्हतं. फेन्नाला म्हटलं, उशिरा का होईना, वळण लागलं.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

बास्तियान. दुसरं कोण?

शेजारच्या घरात वरच्या मजल्यावर शरद ऋतूत राहायला आला. तिशी उलटलेली, एकटाच. आधीच्या भाडेकरूची हॉटेलातली जागा त्याला मिळाली, आकड्यांच्या कुलपाचे आकडे मिळाले, सालं मात्र कधी दिसली नाहीत. दारात रोज एक खोकं. खोक्यात खोकं, त्यात हवेच्या पिशव्या, त्यात एक एवढीशी वायर. परवा पिझ्झाचा डबा कागदाच्या कचऱ्यात टाकला, चीज चिकटलेलं तस्संच. ज्याला डबा पुसायचं कळत नाही त्याला गांडुळाचं पोट काय कळणार?

मनात ठेवून कुढायचं, ही आमच्याकडची रीतच नाही. गेले, बेल दाबली. म्हटलं, "शिजवलेले बटाटे हॉटेलात तू टाकतोस का?"

तो अर्धवट झोपेत. "बाई, मी बटाटे शिजवतच नाही. या, बघा तरी. शेगडीवरचा कंपनीचा स्टिकरसुद्धा अजून निघालेला नाही."

गेले आत, बघितलं. खरंच होता स्टिकर. पण म्हणून काय झालं? बाहेरून मागवलेलंही शिजवलेलंच असतं. तसं त्याला सांगितलं. तो म्हणाला, "तुम्हाला कॉफी देऊ?" नको म्हटलं.

एव्हर्टला हे सांगितलं तर त्याचा चेहराच उतरला. "त्याच्या दारात कशाला गेलीस?"

"मग कुणाच्या जाऊ?"

तो जेवत बसला होता, चमचा ताटात फिरवत. मी उठले, पडदे ओढायचे राहिले होते. सहा वाजल्यावर जाड पडदे ओढले नाहीत तर अर्धी ऊब काचेतून पळते.

रविवार, १६ फेब्रुवारी

इन्नेके आली, आर्नहेमहून, आगगाडीनं. लेकीला एवढं तरी वळण आहे. रविवार म्हणजे आमच्याकडे उरलंसुरलं संपवायचा दिवस, तिलाही तेच वाढलं. आठवड्याच्या सगळ्या भाज्यांचं सूप आणि त्यात शिळा पाव.

ती बापाकडे बघत होती. मला स्वयंपाकघरात गाठून म्हणाली, "आई, बाबा वाळलेत का गं?"

"वाळायलाच हवेत. मांस बंद, गाडी विकली, सायकल सुरू. तुझ्या नवऱ्याला पाठव माझ्याकडे, त्याचंही पोट उतरवते."

"आई, मी गंमत करत नाहीये."

"मीही नाही."

परत टेबलाशी आले तर बापलेक काहीतरी बोलत होते, मला बघून थांबले. पाव सुपात बुडवून बुडवून त्यानं पार लापशी केली होती, लहान बाळासारखी. इन्नेके म्हणाली, "तू जरा बसशील का एका जागी?" बसून कुणाचं भलं झालंय आजवर! तेवढ्यात हॉटेल बघून आले. ठीक होतं.

जाताना तिनं त्याला मिठी मारली ती सोडेचना.

बुधवार, १९ फेब्रुवारी

कुलपाचे आकडे बदलले. सहा घरांना स्वतः जाऊन सांगितले, कानात. बास्तियानला सोडून. सातवं आमचंच.

फेन्ना म्हणते हे बरं नाही. बरं नाही तर नाही. टेर होर्स्टबाईंच्या नाकाला बरं वाटलं पाहिजे.

शनिवार, २२ फेब्रुवारी

पुन्हा!!

या वेळी वाटाण्याचं घट्ट सूप. गाजराच्या चकत्या ओळखू येत होत्या. वरून अंड्याच्या ट्रेचे तुकडे नीट पसरलेले, दिसू नये म्हणून. म्हणजे चूक नाही ही. हे मुद्दाम झाकलंय! आणि या दिवसांत वाटाण्याचं सूप कुणाकडे होत नाही? आमच्याकडेही गुरुवारी होतं. सगळ्या देशाला त्यावरून पकडायचं का?

खालच्या थरातली गांडुळं मेलेली. फार नाहीत, पण मेलेली. मी तिथेच फुटपाथवर उकिडवी बसले आणि मला रडू आलं. गांडुळांसाठी रडतेय म्हणून स्वतःचाच राग आला.

घरी येऊन म्हटलं, त्या बास्तियानला कुणीतरी आकडे सांगितलेत. एव्हर्ट भडकला. तो कधी भडकत नाही. "त्याचं नाव घेऊ नकोस परत. तुझ्याकडे काय पुरावा आहे?"

"तू त्याची बाजू का घेतोस?"

"मी कुणाची बाजू घेत नाही. मी एवढंच म्हणतोय की माणसापेक्षा पेटी मोठी नाही."

मोठी आहे की नाही ते मी ठरवीन. या माणसानं आयुष्यभर रेल्वेचे सिग्नल दुरुस्त केले. एक तार चुकीची लागली तर काय होतं ते त्याला मी सांगायला हवं का?

गुरुवार, २७ फेब्रुवारी

आज गवताच्या पेटीत जवाची खिचडी केली. भांडं एकदा उकळलं की पेटीत गवतात दाबून ठेवायचं, वर उशी, दुपारभर आपोआप शिजतं. गॅस नाही, वीज नाही. जव असे फुलले होते! मी दोन घास खाल्ले आणि आठवलं, पावसाच्या पिंपाची तोटी गळतेय, बादली लावायला हवी. उठले.

एव्हर्ट म्हणाला, "आलेइडा, बस ना जरा."

"काय?"

"बस तर."

"अरे, पाणी वाया जातंय तिकडे. बोल ना, ऐकतेय मी."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "काही नाही. छान झालंय."

परत आले तोवर ताट धुऊन, पुसून फडताळात. वा, म्हटलं.

शनिवार, १ मार्च

झोप नाही, भूक नाही, एका जागी बसवत नाही. टेर होर्स्टबाईंचं येणं चार आठवड्यांवर आलं. ठरवलं, सगळ्यांना बोलवायचं. समोरासमोर.

मंगळवार, ४ मार्च

फेन्नाच्या स्वयंपाकघरात बैठक. आठही घरं. बास्तियानलाही बोलावलं, म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको की पाठीमागे बोललो. फेन्नानं कॉफी दिली, एकेक बिस्किट फिरवलं आणि डबा बंद केला.

मी सरळ सांगितलं. टाकणारा या खोलीत आहे. जो असेल त्यानं बोलावं, मी कुणाचा जीव घेणार नाही, पण पेटी गेली तर ती त्याच्यामुळे गेली हे त्यानं आयुष्यभर लक्षात ठेवावं.

शेजारी एव्हर्टनं कप खाली ठेवला, "आलेइडा," म्हणाला आणि अर्धवट उठला.

तोच पलीकडून बास्तियान म्हणाला, "मी. मीच टाकलं."

बघा! मी म्हणतच होते!

"आकडे कुठून मिळाले?"

"तुम्ही उघडत होतात तेव्हा बघितले."

हॉटेलाच्या यादीतून त्याचं नाव काढलं. त्यानं काही वाद घातला नाही, लाज वाटल्यासारखंही दिसलं नाही. जाताना एव्हर्टच्या खांद्यावर हात ठेवून गेला. याच्या खांद्यावर कशाला? एव्हर्टनं बिस्किट खाल्लं नव्हतं, ते त्यानं खिशात टाकलं.

बुधवार, ५ मार्च

जिंकले. मग चैन का नाही?

सोमवार, १० मार्च

गांडुळं खाली उतरली! सगळी. आज मूठभर खत उचलून बघितलं, पावसानंतरच्या मातीसारखा वास. आकडे पुन्हा बदललेत. या वेळी झाकणावर ओणवी होऊन, हातानं लपवून लावते. कुणाची टाप नाही बघायची.

एव्हर्ट दुरुस्तीच्या दुकानात गेला होता. दर सोमवारी म्हातारे मिळून लोकांचे टोस्टर, दिवे फुकट नीट करतात, फेकायला जाऊ नयेत म्हणून. आज लवकर परतला. दमलो म्हणाला. कसला दमतो बसून! मी अंगणात खिडक्यांच्या फटी बुजवत होते, त्याला शिडी धरायला लावली. शिडी धरूनही तो टेकूनच उभा होता.

शुक्रवार, १४ मार्च

 

सकाळी झाकण उघडलं. वास नव्हता अजून. पुठ्ठा उगीच उचलला, सवयीनं. घेवड्याचे तपकिरी दाणे. वाळवलेल्या सफरचंदाच्या फोडी. आणि एक लवंग.

घेवड्यात लवंग या गल्लीत कुणी घालत नाही. मी घालते. बुधवारी केला होता. मी पटापट खाऊन उठले, फेन्नाचा फोन होता, खताच्या पिशव्यांचं ठरवायचं होतं. फोन ठेवला तोवर एव्हर्टनं भांडी घासलेली, बादली नेलेली. मी फोनवर फेन्नाला म्हटलंसुद्धा होतं, आमचे अहो बघ कसे सुधारलेत!

काखेत कळसा नि गावाला वळसा. मीच आकडे घरी आणून देत होते, कानात सांगून.

पुठ्ठा परत टाकला. झाकण लावलं. घरी गेले नाही, नदीपर्यंत चालत गेले. आयसेलला पूर आहे, कुरणं पाण्याखाली. तिथे उभी राहून मला फक्त एकच कळेना. का?

शनिवार, १५ मार्च

आधी बास्तियानकडे गेले. तो कचऱ्याची पिशवी घेऊन जिना उतरत होता, मला बघून थांबला. म्हटलं, "तू नव्हतास. मग हो का म्हणालास?"

त्यानं खांदे उडवले. पिशवी तोंडापर्यंत भरलेली, त्यातून कस्टर्डचं खोकं खाली पडलं. मी उचललं. पिशवीत सगळी तीच. व्हॅनिला, व्हॅनिला, चॉकलेट, व्हॅनिला. धुतलेलं एकही नाही.

"एवढं कस्टर्ड खातोस?"

"माझं नाही ते."

"मग कुणाचं?"

तो आमच्या खिडकीकडे बघायला लागला. मग म्हणाला, "बाई, त्यांनाच विचारा ना."

विचारलं. एव्हर्ट खुर्चीत होता. मी खोकं त्याच्या मांडीवर ठेवलं आणि म्हटलं, घेवडा मला सापडला.

तो खोक्याकडे बघत बसला. "हो," म्हणाला. "मी टाकलं. सगळ्या वेळी मीच."

"का? आपल्या कचऱ्याच्या काळ्या डब्यात टाकायचंस!"

"तू डबा बघतेस."

बघते. बघणारच. उगीच का आमचा काळा डबा वर्षातून दोन-तीनदाच भरतो!

"माझ्या हातचं नकोसं झालंय का तुला? सांग. तोंडावर सांग."

त्यानं खोकं मांडीवरून टेबलावर ठेवलं. मग म्हणाला, "हो. कंटाळा आलाय."

कंटाळा! चोरून कस्टर्ड खातो, परक्याच्या घरी खोकी लपवतो, परक्याला खोटं बोलायला लावतो, माझी गांडुळं मारतो आणि म्हणे कंटाळा! मी काय काय बोलले ते इथे लिहीत नाही.

सोमवार, १७ मार्च

माझ्यापुरतं रांधलं. त्यानं कस्टर्ड खावं. उघड, टेबलावर बसून खावं, खोकी धुवावीत, चपटी करावीत. सांगितलं तसं.

तो "बरं" म्हणाला. आणि खरंच धुतो. नळाशी उभा राहून, एकेक.

बुधवार, १९ मार्च

अबोला. घरात पावलांचे आवाज तेवढे.

मला अन्नापेक्षा खोट्याचा राग येतोय, असं मी स्वतःला सांगते. पण खरं सांगू? अन्नाचाच येतोय. मी बाजारात वाकडी गाजरं वेचून आणते, देठांचा रस्सा करते, शेंगांची टरफलंसुद्धा उकळते. इतकी वर्षं समोर बसून "छान झालंय" म्हणाला. त्यातलं खरं कधी होतं? पहिल्यांदा खोटं कधी म्हणाला? काल कोबी चिरता चिरता थांबले आणि कुणासाठी चिरतेय ते कळेना.

इन्नेकेचा फोन. बाबांशी बोलायचंय म्हणाली, माझ्याशी नाही. फोन त्याला नेऊन दिला. तो तिला हळूच म्हणत होता, "सांगेन. सांगतो म्हटलं ना." काय सांगणार? कंटाळ्याचंच असेल. लेकीलाही सामील केलंय!

रविवार, २३ मार्च

आज फोनवरच्या आठ घरांच्या गटावर लिहिलं. कितीदा लिहिलं, कितीदा पुसलं. शेवटी एवढंच — शिजवलेलं आमच्या घरातून जात होतं. बास्तियाननं काही केलेलं नाही. कुलपाची जबाबदारी दुसऱ्या कुणी घ्यावी.

पाठवून टाकलं आणि फरशी पुसायला घेतली, स्वच्छ होती तरी.

फेन्ना चपला सरकवत आली. "जबाबदारी तुझ्याकडेच ठेव बाई. तुझ्याइतका त्रास दुसरं कुणी करून घेणार नाही." मग विचारलं, "एव्हर्टचं काय?" कंटाळा, म्हटलं. ती काही बोलली नाही. फेन्ना, आणि काही बोलली नाही!

शुक्रवार, २८ मार्च

उद्या. पिशव्या शिवून झाल्या, जुन्या चादरीच्या. चाळण घासली. वास नाही, नाही, नाही. पुन्हा बघून आले. नाहीच.

शनिवार, २९ मार्च

वाढवला! परवाना वाढवला!

टेर होर्स्टबाईंनी हातमोजा काढला, कोपरापर्यंत हात घातला, ओंजळ भरून नाकाशी नेली. मी श्वास धरून. म्हणाल्या, "आलेइडा, हे तर जंगल आहे." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ऊन पडलं होतं. पोरं चाळणीतून गांडुळं वेचून परत पेटीत सोडत होती, फेन्नानं केक आणला होता आणि या वेळी डबा उघडाच राहिला.

एव्हर्ट आला नाही. पडतो जरा, म्हणाला. दर वर्षी चाळण तो हलवायचा.

बास्तियान आला. रिकामी कुंडी घेऊन, जसं काही झालंच नाही. मी सगळ्यांसमोर त्याची माफी मागितली. आत एक, बाहेर एक, असं माझं नसतं. चुकले तर चुकले.

तो म्हणाला, "माफी राहू द्या. एकदा त्यांच्याबरोबर जेवा."

"रोज जेवते."

"तसं नाही. शेवटपर्यंत बसून."

"तुला काय ठाऊक आहे?"

"ठाऊक काही नाही. ते माझ्या जिन्यावर बसून खायचे, तेव्हा बघितलंय."

हा कोण मला जेवायला शिकवणार! स्टिकरवाला! त्याची कुंडी भरून दिली, काठोकाठ, आणि दुसऱ्याकडे वळले. पण दिवसभर ते डोक्यातून जाईना. खताच्या पिशव्या वाटल्या, पेटी धुतली, नवा पुठ्ठा घातला. हवं होतं ते सगळं मिळालं आणि मी फुटपाथवर येरझाऱ्या घालतेय.

सोमवार, ३१ मार्च

काल सहा वाजता दोन ताटं वाढली. बटाटा, गाजर, मऊ शिजवून. बसले. उठले नाही. फोन वाजला, वाजू दिला.

त्यानं एवढासा घास घेतला. चावला, चावत राहिला. डोळे मिटून गिळला आणि तो घास गेला नाही. पाणी प्यायला, तेही परत आलं. मान वाकवून रुमालात सगळं काढलं, रुमालाची घडी घातली. कपाळावर घाम. मग माझ्याकडे बघितलं.

"कस्टर्ड जातं," म्हणाला. "कालपर्यंत जात होतं."

"मला का नाही सांगितलंस?"

"दोनदा सांगायला घेतलं. दोन्ही वेळा तू उठलीस."

आज सकाळी दवाखाना उघडताच फोन केला. तिकडच्या बाईनं विचारलं, हे कधीपासून होतंय? मला सांगता येईना. फोन एव्हर्टकडे दिला.

"नाताळच्या आधीपासून," तो म्हणाला.